कोण आधी, कोण मागून

संतपुरात फ्रेंच शिकवणारी एक बाई आहे, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते आमच्या औरादच्या दवाखान्यात सलाईन लावून पडलेल्या एका पेशंटनं. मी त्याला म्हटलं, ताप डोक्यात चढलाय तुमच्या, गप पडा. संतपूर माझं गाव, माहेर आणि सासर दोन्ही. सोयाबीन, ज्वारी, तूर आणि एकमेकांच्या बांधावरून भांडणं, एवढंच पिकतं तिथं. तिथं फ्रेंच कुठून आलं? पण तो माणूस हट्टाला पेटला. "सिस्टर, हैदराबादून आल्यात. रेवणप्पाच्या मालकीण. जाऊन तर बघा की," म्हणाला.

मला गरज होती म्हणून गेले. हैदराबादच्या एका एजंटनं सांगितलं होतं की कॅनडातल्या क्युबेकला नर्स लागतात, फक्त फ्रेंचची परीक्षा पास व्हायला पाहिजे. पुढं मी पास झाले आणि गेले मात्र नाही. का गेले नाही ते रामायण माझं आहे, इथं नको. इथं सांगायचंय ते सुगलाअक्कांचं.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तेव्हा अक्का चुलीपुढं पाटावर बसून भाकरी थापत होत्या. घरात गॅस होता, पण ज्वारीची भाकरी त्यांना चुलीवरचीच लागायची. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि नाकावर घसरलेला चष्मा. चष्मा वर ढकलायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी मान मागं टाकून माझ्याकडं बघितलं.

"फ्रेंच शिकायला आलीस व्हय? कुणाची तू?"

"धनगर गल्लीतल्या मारुतीची. रुक्मिण."

"बस. सांग बघू, भाकरी आधी का कालवण आधी?"

मी चिडलेच. दिवसभर ड्यूटी करून आले होते. म्हटलं, "अक्का, मी स्वयंपाक शिकायला न्हाई आले."

"सांग की. कोण आधी, कोण मागून?"

"कालवण आधी. भाकरी ऐनवेळी गरम."

"मग तुला फ्रेंच येईल," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं, बाई येडी आहे.

अक्कांना फ्रेंच कसं आलं याचीही गंमतच. लग्न होऊन हैदराबादला गेल्या, नवरा वीज ऑफिसात. तिथं कॉलेजात नाव घातलं, तर दुसरी भाषा निवडायची होती. "तेलुगूची अक्षरं बघून माझं डोकं गरगरलं. हिंदीला पोरं खच्चून भरलेली. फ्रेंचच्या वर्गात पंखा होता आणि पोरी चारच. जाऊन बसले," असं त्या सांगायच्या. पंख्याखाली बसायला गेलेली बाई पुढं तीसेक वर्षं हैदराबादच्या एका कॉलेजात तीच भाषा शिकवत राहिली. रिटायर झाल्यावर नवरा-बायको संतपूरला परत आले. घर इथं, शेत चिंताकीला. एकुलती एक मुलगी चन्नू, ती मॉन्ट्रियलला. आईनं शिकवलेलं फ्रेंच घेऊन गेली आणि तिकडचीच झाली.

क्लास ओसरीत भरायचा, सतरंजीवर. आम्ही पाच-सहा जण. त्यात एक शिवराज नावाचा इंजिनिअर झालेला पोरगा, तोंडाळ. कडेला खुर्चीत रेवणप्पाकाका पेपर धरून बसायचे. ते कधी बोलायचे नाहीत, पण कुणी चूक केली की पेपर जरा खाली यायचा. काकांना फ्रेंच येत नव्हतं. इतकी वर्षं ऐकून चुकीचा सूर तेवढा कळायचा त्यांना.

अक्का कधीच "चला, झालं" असं म्हणायच्या नाहीत. वाक्य समजावून सांगायचं, मग मान थोडी डावीकडं कलती करून आमच्याकडं बघत बसायचं आणि विचारायचं, "झालं?" ज्याला कळलं त्यानं म्हणायचं, "झालं." एकानंही नाही म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून. मला पहिले काही दिवस त्याचा राग यायचा. शिवराजला कळत नाही म्हणून मी कामून बसून राहू? पण त्या मान कलती करून थांबायच्या, आणि त्यांच्या थांबण्यात घाई नसायची. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी एवढं थांबलेलं दुसरं माणूस मला आठवत नाही.

भविष्यकाळाचा एक धडा आला तेव्हा अक्का जास्तच खुलल्या. फ्रेंचमध्ये त्याला फुत्युर आंतेरिअर म्हणतात, आपण पूर्ण भविष्यकाळ म्हणू.

"हे बघा, पुढं दोन गोष्टी व्हायच्या हायत. दोन्ही अजून झाल्या न्हाईत. पण एक आधी होणार, एक मागून. आधी होणारीला हा काळ लावायचा. कां तू आरिव्हरा, जोरे फिनी. तू येशील तवर माझं काम झालेलं असंल. कोण आधी?"

"काम आधी," आम्ही.

"कोण मागून?"

"येणं मागून."

"झालं?"

शिवराज म्हणाला, न्हाई. मग त्यांनी पाटीवर मांडून दाखवलं. 'आव्ह्वार', म्हणजे 'जवळ असणं', या क्रियापदाचं भविष्याचं रूप घ्यायचं: जोरे, तू ओरा, इल ओरा. त्याच्यापुढं झालेल्या कामाचं रूप ठेवायचं: जेवणाला मांजे, संपण्याला फिनी. जोरे मांजे, मी जेवलेली असेन. पण जाणं, येणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं अशा क्रियापदांना आव्ह्वार चालत नाही. त्यांना 'एत्र', म्हणजे नुसतं 'असणं', लागतं: ज सरे, तू सरा, एल सरा. एल सरा पार्ती, ती निघालेली असेल. आणि निघणारी बाई असली तर लिहिताना शेवटी एक अक्षर जास्त.

"बाई निघाली तर येगळं आन् बाप्या निघाला तर येगळं?" शिवराजनं विचारलं.

"लिहायला येगळं. कानाला एकच," अक्का म्हणाल्या. "आणि आणखी एक. इंग्रजी शाळेतली पोरं इथं आपटतात. इंग्रजीत 'तू येतोस तेव्हा' मनलं तरी चालतंय. फ्रेंचला न्हाई चालत, 'येशील तेव्हा' पाहिजे. आपल्या मराठीत बी 'येशील'च मनतो की. तुमी निम्मं घरनंच शिकून आलाव."

घरी बोलून बघा असं सांगितलं होतं, म्हणून मी आईला म्हटलं, "पुढच्या दिवाळीपर्यंत मी कॅनडाला गेलेली असेन." आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "खळ्यावर पहिलं माप पडतं तवा आपण 'एक' न्हाई मनत, 'लाभ' मनतो. दारातनं निघताना 'जाते' न्हाई मनत, 'येते' मनतो. आन् तू न झालेलं झालं मनून बोलायलीस? कोण शिकवायलंय तुला असलं?" दुसऱ्या दिवशी मी हे अक्कांना सांगितलं तर त्या भाकरीचा हात तसाच धरून हसल्या. म्हणाल्या, "खरंय की तुझ्या आईचं. मग आसं कर, आधी 'देवाच्या दयेनं' मन, मग वाक्य बोल. देव फ्रेंच शिकलेला न्हाई, त्याला मराठीत सांगितलेलं बरं."

शिवराजची तोंडी परीक्षा हैदराबादला झाली. सगळं नीट बोलला. शेवटी उठला, समोरच्या मॅडमला हात जोडले आणि आपल्या वळणानं म्हणाला, "ज व्हिएं." येतो. ती बाई म्हणाली, बरं, या. आणि हा गेला निघून. तो सांगत होता आणि अक्का पदरानं डोळे पुसत होत्या. काकांचा पेपर थरथरत होता, म्हणजे तेही हसत होते. त्या घरातलं मोकळं हसणं मी त्यानंतर फारसं ऐकलं नाही.

काका त्याच वर्षी गेले. पहाटे चिंताकीला शेतावर गेले होते, तिथंच छातीत कळ आली.

इथं एक सांगायला पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच आहे. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंग कडक व्हायच्या आत मांडी घालून बसवतात, भिंतीला टेकवून कापडानं धरून ठेवतात. डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग, जन्मभर गळ्यात घातलेलं. मग तसाच बसलेला शेतात नेतात. खड्डा खणून त्याच्या एका बाजूला कोनाडा काढलेला असतो, त्यात बसवतात, विभूती आणि बेलाची पानं घालतात, कोनाड्याचं तोंड बंद करतात आणि वरून खड्डा भरतात. सगळे जण मूठमूठ माती टाकतात. हे लवकर करावं लागतं. बसलेलं माणूस फार वेळ बसवून ठेवता येत नाही.

चन्नू निघाली होती. पण मॉन्ट्रियल म्हणजे काय बिदर आहे? वाटेत कुठल्यातरी वाळवंटातल्या विमानतळावर अडकली. ती हैदराबादला उतरून, गाडी करून चिंताकीला पोचली तोवर तिसरा दिवस. काकांचे धाकटे भाऊ भीमण्णा, शेत बघणारे, माणूस टापटिपीचा. त्यांनी माती भरून, चोपून, वरून झाडूनसुद्धा घेतलं होतं. वर दगड अजून बसवायचा होता.

चन्नू बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "कुठं?"

भीमण्णांनी बोट दाखवलं.

"हितं? हितं तर कायच न्हाई."

मग ती अक्कांकडं वळली. आवाज चढला नव्हता तिचा, तेच वाईट होतं. "अव्वा, मूठभर माती तर ठेवायची होती माझ्यासाठी."

अक्कांनी तिला जवळ घेतलं, पण मी बघत होते. ते वाक्य बाईच्या आत गेलं आणि तिथंच राहिलं.

चन्नू परत गेली. क्लास पुन्हा सुरू झाला, नवी पोरं आली, पण भविष्यकाळाचा तो धडा आला की अक्का म्हणायच्या, "हे रुक्मिण शिकवील," आणि आत जायच्या. मी शिकवायचे. आतून तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज यायचा नाही, म्हणजे त्या नुसत्याच बसलेल्या असायच्या.

त्या काळाचा दुसरा एक उपयोग असतो, तो मात्र त्यांनी एकदा स्वतःच शिकवला. चन्नूचा फोन सकाळी यायचा, तिच्याकडं तेव्हा रात्र. त्या दिवशी आला नाही. पोरं सतरंजीवर बसलेली, अक्का फोन मांडीवर ठेवून बसलेल्या. मग म्हणाल्या, "लिहून घ्या. आपल्याला ठाऊक नसलेल्या झालेल्या गोष्टीचा अंदाज करायचा असला तरी हाच काळ. एल स सरा आंदॉर्मी, ती झोपली असंल. एल ओरा उब्लिए, ती विसरली असंल. गाडी चुकली असंल, काम निघालं असंल." एका पोरानं विचारलं, मराठीत बी असंच मनतात की? "व्हय. वाट बघणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत न्हाई," अक्का म्हणाल्या. "झालं?" सगळे म्हणाले, झालं.

दोन वर्षांनी अक्कांच्या पोटात दुखायला लागलं. मी नर्स आहे, मला त्यांच्या डोळ्यांचा पिवळा रंग बघून अर्धं कळलं. उरलेलं हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी घरी येऊन भांडी आपटली, नवऱ्यावर ओरडले, पोराला फटका दिला. दुसरं काय करणार होते?

चन्नू उन्हाळ्यात येऊन महिनाभर राहिली. आईला अंघोळ घालायची, वेणी घालायची, ओसरीत दोघी फ्रेंचमध्ये कुजबुजायच्या. मग नोकरी होती, पोरं होती, जावं लागलं. निघताना म्हणाली, "अव्वा, संक्रांतीला येते. तिकीट काढलंय. मी येईन तवर तू बरी झालेली असशील." अक्का नुसत्या हसल्या. "ये," म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

"रुक्मिण, कोण आधी येईल गं? संक्रांत का माझं मरण?"

"असलं बोलू नका तुमी."

"दवाखान्यात पेशंटाला आसंच सांगतीस?"

मग मलाच सुचलं ते बोलले. बिदरला बर्फाची पेटी भाड्यानं मिळते. तीत ठेवलं की तीन-चार दिवस काही होत नाही. चन्नू आरामात येईल, तोंड बघेल. चन्नूनंही फोनवर तेच सांगितलं होतं मला, रडत. "पेटी आणा रुक्मिणताई, कायबी करून. अप्पाच्या वेळेसारखं करू नका."

अक्कांनी ऐकून घेतलं. "त्या पेटीत आडवं पडावं लागतंय की," म्हणाल्या.

"पडायचं मग. काय होतंय?"

"आडवं गोठलेलं माणूस मागून बसवता येतंय का? तू नर्स हायस, सांग."

नाही येत. मला माहीत होतं.

"मग मला आडवंच ठेवतील. तिकडं तुझे काका बसलेत, आन् मी शेजारी लोळत?" त्यांना हसू आलं, मग ते गेलं. "पोरीला माझं तोंड बघायचंय. मला त्यांच्याजवळ बसायचंय. दोनी कसं जमायचं, सांग."

कित्येक दिवस त्या त्यावरच होत्या. मला त्यांचा जीव कशात अडकलाय ते दिसत होतं. मरणाची भीती नव्हती त्यांना. चन्नू पुन्हा बांधावर उभी राहून 'कुठं' म्हणेल, याची होती. मला वाटायचं, बाई, एवढं दुखतंय तुमचं, आता तरी स्वतःचं बघा. पण असं त्यांना कोण सांगणार? मीच पेटीसाठी भांडले, मीच परत नको म्हणाले, आणि दोन्ही वेळा रडले.

एक दिवस त्यांनी भीमण्णांना आणि मठातल्या अय्यांना, म्हणजे त्यांच्या पुरोहितांना, घरी बोलावलं. उशीला टेकून बसल्या. त्या दिवशी मुद्दाम औषध उशिरा घेतलं होतं, डोकं जड नको म्हणून.

"मी गेले की लगेच बसवा," म्हणाल्या. "रीतीनं न्या, कोनाड्यात ठेवा, तोंड बंद करा, माती भरा. पण पुरी भरू नका. वरची हातभर तशीच ठेवा. चन्नू आली की ती भरील."

भीमण्णा उठूनच उभे राहिले. "वहिनी, खड्डा उघडा ठेवत न्हाईत. उघडा खड्डा दुसऱ्याला बोलावतोय. गाव काय मनंल?"

"उघडा कुठं? मी आत बसलेली असणार. माझं दार लागलेलं असणार. वर कंबरभर माती पडलेली असणार. मग उघडं काय राहिलं? नुसती वरची माती."

"आन् कुत्री-कोल्ही?"

"तुमी हाव की."

भीमण्णांनी अय्यांकडं बघितलं, ते तरी नाही म्हणतील म्हणून. अय्या म्हातारे, कमी ऐकू यायचं. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग दाढी कुरवाळली.

"शास्त्रात आसं कुठं न्हाई," ते म्हणाले. "पण करू नका आसं बी न्हाई. मातीला कसली घाई?"

अक्कांनी मान डावीकडं कलती केली आणि भीमण्णांकडं बघितलं. "झालं?"

भीमण्णांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. मला त्यांचा भयंकर राग आला. अक्का म्हणाल्या, "राहू दे. त्याला कळायला येळ लागतोय. शिवराजसारखं."

संक्रांतीला आठवडा राहिला होता. तुरी निघाल्या होत्या, खळी भरली होती. सकाळी मी ड्यूटीवर जायच्या आधी त्यांच्याकडं गेले, तर भीमण्णांची मालकीण दारातच उभी. आत गेले. श्वास फार लांब लांब पडत होता. मी हात धरला. हात गरम होता, नंतर तेवढा नव्हता. पेशंट गेला की मी सवयीनं घड्याळ बघते, तेव्हा नाही बघितलं.

मग मी काम केलं. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं घरात, की रुक्मिण बसवील, तिच्या हाताला सवय आहे. मी धनगराची, त्यांच्यात हे बाहेरच्यानं करायचं नसतं. कुणी हूं की चूं केलं नाही. अंघोळ घातली, विभूती लावली, मांडी घातली, भिंतीला टेकवलं. पेटीचं नाव कुणी काढलं नाही. चन्नूला फोन मीच लावला. ती ओरडली नाही. "बसवलंत?" एवढंच विचारलं. म्हटलं, व्हय. "मी निघाले," म्हणाली.

शेतात नेलं, कोनाड्यात ठेवलं. अय्या मंत्र म्हणत होते. मी खड्ड्याच्या काठावरून वाकून बघितलं. अक्का बसलेल्या होत्या, चष्मा नव्हता, तळहातावर लिंग, आणि कापड जरा ढिलं पडलं होतं म्हणून मान डावीकडं कलली होती. अगदी तशीच. वर्गात उत्तराची वाट बघत बसायच्या तशी. मला वाटलं, आता विचारतील. मग कोनाड्यावर फरशी लागली.

माती पडायला लागली. सगळ्यांनी मुठी टाकल्या, मग फावडी. माझं सगळं लक्ष भीमण्णांकडं. खड्डा गुडघाभर राहिला, मग हातभर. एका गड्यानं पुढचं फावडं उचललं आणि भीमण्णांनी त्याचा दांडा धरला.

"बस," म्हणाले. "पुढचं आमच्या पोरीचं हाय."

काकांच्या वेळी वाळवंटानं अडवलं होतं, आता बर्फानं. मॉन्ट्रियलला विमानं उडेनात. चन्नू तिकडं विमानतळावर बसून, आम्ही इकडं. गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, वाईट होणार. कुणाची म्हैस मेली ती याच्यावरच घातली. भीमण्णांनी खड्ड्यावर ताडपत्री टाकली, बाजूच्या मातीच्या ढिगावर पोतं टाकलं, आणि बाज आणून शेजारीच मुक्काम ठोकला. मी भाकरी घेऊन गेले तर काठी मांडीवर घेऊन बसलेले. "वहिनींनी मला कामाला लावलं बघ," म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना रडताना बघितलं.

चन्नू संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. गाडी रस्त्यावर सोडून शेतातून चालत आली. अंगात तिकडचा जाड कोट, पायात बूट, डोळे सुजलेले. तुरीच्या कापलेल्या खुंटांतून अडखळत येत होती. बांधावर येऊन थांबली. ती तिथंच उभी होती, मागच्या वेळी होती तिथं.

पण तिला विचारावं लागलं नाही. भीमण्णांनी ताडपत्री ओढून काढली. काकांच्या दगडाशेजारी हातभर खोल खड्डा होता, आणि कडेला पोत्याखाली माती.

"ये बाई," ते म्हणाले. "तुझंच राहिलंय."

फावडं पुढं केलं तर तिनं घेतलं नाही. कोट काढून बांधावर टाकला आणि गुडघ्यावर बसली. पहिली मूठ तिनं बराच वेळ हातात धरली. मग सोडली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी. ढीग बराच होता. आम्ही कुणी मदतीला गेलो नाही, कुणी लवकर म्हणालं नाही. ऊन कलायला लागलं. अय्यांना कुणीतरी आणलं होतं, तेही बांधावर बसून राहिले. चन्नू माती लोटत होती आणि मधूनच फ्रेंचमध्ये काहीतरी बोलत होती, हळू. मला ते कळत होतं. ते इथं लिहिणार नाही, ते आईला सांगितलेलं आहे.

शेवटी जमीन सारखी झाली. तिनं तळहातांनी ती चोपली, कडेनं, मग मधोमध, भाकरी थापावी तशी. मग हात झटकले, आमच्याकडं बघितलं. मान डावीकडं कलली. ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"झालं?" तिनं विचारलं.

भीमण्णांनी माझ्याकडं बघितलं. अय्यांनी बघितलं.

"झालं," मी म्हणाले.